कंट्रोलरसाहेबांचा सेवा क्लब

कंट्रोलरसाहेबांइतकी लोकांची सेवा करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि ज्यांची सेवा करायची त्यांना सेवा पदरात पडेपर्यंत इतकं दमवणाराही दुसरा पाहिला नाही. भूम तालुक्यात त्यांच्या हातून काहीच घेतलं नाही असं घर सापडणं कठीण आहे. कुणी चष्मा घेतलाय, कुणी कुबड्या, कुणी कडुनिंबाचं रोप, आणि बोलणी तर सगळ्यांनीच घेतलीत. माझं औषधाचं दुकान बसस्थानकासमोरच असल्यामुळे मी त्यांच्या तावडीत सर्वांत आधी सापडलो. त्यांनी काढलेल्या सेवा क्लबचा मी पहिल्या दिवसापासून सचिव आहे. निवडणूक झाली नव्हती. ते दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आले आणि जाताना मला सचिव करून गेले.

एसटीत त्यांनी तीसेक वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. सुरुवातीची उमरग्याकडं आणि पुढची सगळी भूमच्या स्थानकात. आमच्याकडं या हुद्द्याला सरळ ‘कंट्रोलर’ म्हणतात. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या नोंदी घ्यायच्या आणि भोंग्यावरून पुकारा करायचा. येरमाळ्याच्या यात्रेत जादा गाड्या सोडायला त्यांना मुद्दाम नेत, कारण इतक्या गर्दीत भोंगा बंद पडला तरी त्यांचा आवाज बंद पडत नसे. निवृत्तीच्या दिवशी खुर्ची सुटली, पण पुकारा काही सुटला नाही. साधं बोलणं त्यांना जमतच नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्याबरोबर त्यांनी भटजींच्या हातातला माइक काढून घेतला आणि म्हणाले, “वऱ्हाडी मंडळींनी कृपया लक्ष द्यावे. जेवणाची पहिली पंगत मांडवाच्या डाव्या बाजूस लागत आहे. बसलेले उठेपर्यंत उभ्या असलेल्यांनी पंगतीत घुसू नये.” नवरदेव बिचारा पाया पडायला वाकला होता, तो हे ऐकून तसाच वाकलेला राहिला. आपणही डावीकडं जायचं की काय, हे त्याला कळेना.

माणसं निवृत्त झाली की शेतात जातात, तीर्थाला जातात, नाहीतर सुनेच्या मागं लागतात. हे क्लब काढायच्या मागं लागले, त्यालाही एक निमित्त झालं. कुणा नातेवाइकाच्या सत्कारासाठी ते एका मोठ्या शहरात गेले होते. तिथल्या क्लबात कोट घातलेली, छातीला बिल्ले लावलेली माणसं रांगेत बसली होती, मधे टेबलावर पितळी घंटा होती, आणि टोला पडला की सगळे एकदम गप्प होत. कुणाला शिलाई मशीन दिलं, कुणाला तीनचाकी सायकल दिली, टाळ्या झाल्या. कंट्रोलरसाहेब परत आले ते जेवले नाहीत, थेट माझ्या दुकानात गोळी घ्यायला आले. “सचिव,” ते म्हणाले (मी अजून सचिव नव्हतो, ते त्यानंतर पाचच मिनिटांत झालो), “आपल्या भूममधी असलं बिलकूल काई न्हाय. खवा हाय, आलमप्रभूची यात्रा हाय, पन क्लब न्हाय.” त्या मोठ्या क्लबाला त्यांनी पत्र लिहिलं. तिकडून इंग्रजीत उत्तर आलं की अमुक इतके सभासद हवेत, अमुक नमुन्यात अर्ज हवा. आमचे जमले होते सात, आणि त्यातल्या दोघांनी फक्त ‘बघू’ म्हटलं होतं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जाहीर केलं, “त्यांची गाडी फुल हाय. आपन आपली सोडू.” अशी आमची गाडी सुटली. नाव साधंच ठेवलं, सेवा क्लब. खव्याची भट्टी चालवणाऱ्या आमच्या एका सभासदानं भट्टीवरची खोली दिली. चित्रकलेच्या गुरुजींनी पाटी रंगवली. त्यांना हंस काढायचा होता, पण सेवेच्या ठिकाणी पाखरू कशाला म्हणून साहेबांनी घड्याळ काढायला लावलं.

बैठक दर रविवारी पाच वाजता. पितळी घंटा मिळाली नाही म्हणून ते कंडक्टरची शिट्टी वाजवत. पाचला शिट्टी आणि शिट्टीबरोबर दार बंद. एकदा खवेवाले, म्हणजे खोलीचे मालक, खाली कढई उतरवून तीन मिनिटं उशिरा वर आले. दार आतून लागलेलं. “अवो, म्या हाय, उघडा की,” ते बाहेरून म्हणाले. आतून आवाज आला, “गाडी गेली. पुढली रविवारी पाचला.” खवेवाल्यांनी आपल्याच खोलीच्या दाराबाहेर पायरीवर बसून सगळी बैठक ऐकली, आणि बंद दाराबाहेरूनच दोन सूचना मांडल्या. त्या सूचना घ्यायच्या की नाही यावर आत अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ‘स्थानकाबाहेरील प्रवाशांच्या सूचना’ असा मथळा देऊन मी त्या वहीत लिहिल्या. खवेवाले रागावतील असं मला वाटलं होतं, पण बैठक संपल्यावर त्यांनीच सगळ्यांना गरम खवा साखर घालून खायला दिला. साहेबांनी तो खाल्ला आणि म्हणाले, “चव बराबर हाय. टाइम तेवढा पाळत जा.”

कामं मात्र आम्ही खरोखर केली. पहिलं काम आठवडी बाजारातली पाणपोई. उन्हाळ्यात रांजण भरून ठेवले, वाळा टाकला, सावलीला गोणपाट बांधलं. लोक पाणी पिऊन निघून गेले असते तर सगळं सुखाचं झालं असतं. पण तहान नसलेला माणूस पाणपोईवरून तसाच पुढं जातो, ही गोष्ट साहेबांना सहन होईना. ते रस्त्यात उभे राहत आणि येणाऱ्याच्या हातात पेला देत. “मी आत्ताच पिऊन आलो,” असं कुणी म्हटलं तर विचारत, “कुठं? किती?” पाथरूडची एक म्हातारी त्यांना चुकवण्यासाठी बाजाराला वळसा घालून मिरच्या विकायला बसू लागली. मग झाडं लावली. प्रत्येक रोपाला एका सभासदाचं नाव दिलं, म्हणजे रोपाची जबाबदारी त्याची. माझ्या नावाचा कडुनिंब दुकानासमोर होता. मी त्याला रोज पाणी घालत होतो, पण एक दिवस गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध समजावून सांगेपर्यंत एका शेळीनं तो बुडापर्यंत खाल्ला. रविवारी साहेबांनी शिट्टी वाजवली आणि गंभीर आवाजात म्हणाले, “आपले सचिव आपल्यातून गेले आहेत. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू.” सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो. माझ्यासाठी स्तब्ध उभं राहताना माझ्या मनात काय काय आलं ते मी त्या बैठकीच्या वृत्तांतात लिहिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र हा शूर माणूस फार कच्चा होता. सुईची त्यांना भयंकर भीती. रक्तदान शिबिर आमचंच, मांडव आमचा, पुकारा त्यांचा: “रक्त देणाऱ्यांनी उजवीकडच्या खाटेवर यावे!” पण स्वतः ते त्या खाटेकडं पाठ करून उभे राहत. एका वर्षी गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलंच, “अध्यक्ष, तुमचा नंबर कवा?” तोंडावरच विचारलं म्हणून साहेब ताठ मानेनं जाऊन बसले, बाही वर केली. नर्सबाईंनी अजून सुई हातात घेतली नव्हती. नुसता कापसाचा बोळा दंडाला लावला, तो थंडगार लागला आणि साहेब खाटेवर आडवे झाले. चेहरा पांढराफटक. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, “वृत्तांतात लिहू नका.” सचिव म्हणून मला काहीतरी लिहिणं भागच होतं. मी लिहिलं, ‘अध्यक्षांनी खाटेवरून मार्गदर्शन केले.’ त्यांनी ते वाचलं, बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि सही केली.

पण क्लबचं नाव झालं ते मोतीबिंदूच्या शिबिरानं. बार्शीहून डोळ्यांचे डॉक्टर येत, शाळेत तपासणी होई, ज्यांचं ऑपरेशन करायचं त्यांना दुसऱ्या दिवशी गाडीनं तिकडं नेत आणि पट्टी सोडून परत आणत. पहिल्याच वर्षी वालवडचे एक आजोबा ऑपरेशन करून घरी गेले आणि चौथ्या दिवशी त्यांचे दोन्ही मुलगे तणतणत माझ्या दुकानात आले. साहेब तिथंच बसलेले. थोरला म्हणाला, “तुमी आमच्या म्हाताऱ्याला कशापायी दिसायला लावलं?” चौकशी केली तेव्हा कळलं की आजोबांचा लाडका खिल्लारी बैल मुलांनी दोन वर्षांपूर्वीच विकला होता आणि त्या दावणीला दुसराच कुठला तरी आणून बांधला होता. आजोबा रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवत, त्याला जुन्या नावानं हाक मारत. घरी परतल्यावर ते आधी गोठ्यात गेले, आणि तेव्हापासून घरात कुणाशी बोलत नव्हते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ऑपरेशन उलटं करता येत न्हाय. घरी जाऊन पाया पडा.” दोघं गेले आणि पडलेही. आजोबा पुढच्या शिबिराला आपल्या गावचे नऊ जण घेऊन आले.

तेव्हापासून साहेबांना डोळ्यांचं वेडच लागलं. समोर साठीचा माणूस आला की ते त्याची हनुवटी धरायचे, तोंड उन्हाकडं करायचे आणि डोळ्यांत बघायचे. “डाव्यात पिकतंय,” म्हणायचे, “उजवा अजून वरीसभर ऱ्हाईल.” आणि नेमकं तसंच निघायचं, बार्शीचे डॉक्टरही चकित व्हायचे. लग्नात, बाजारात, एसटीच्या रांगेत, कुठंही हे चालू. एकदा चौकात एका हवालदारानं त्यांची दुचाकी अडवून कागद मागितले. साहेबांनी कागदांऐवजी त्याची हनुवटीच धरली. आजूबाजूची माणसं दोन पावलं मागं सरकली. हवालदाराचा हात काठीकडं गेला, तेवढ्यात हे म्हणाले, “गाडीचा नंबर दिसतोय का तुम्हाला इथून?” हवालदारानं डोळे बारीक करून नंबराकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “शिबिर कवा हाय?”

साहेबांचा एक कडक नियम होता, शिबिरात वशिला नाही. सभासदाची आई असो, आमदारांचा माणूस असो, नाव नोंदवायचं आणि रांगेत उभं राहायचं. “नंबर मोडायचा न्हाय,” हे वाक्य त्यांनी गुरुजींकडून भिंतीवर लिहून घेतलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

साहेबांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणतं. त्या उमरग्याकडच्या, माहेरची बोली कानडी. एरवी आमच्यासारखं मराठी बोलतात, वैताग आला की मात्र “साकु, साकु” म्हणतात, म्हणजे पुरे झालं. साहेबांच्या घरात हा शब्द बराच ऐकू येई. मी आठवड्यातून एकदा तरी क्लबच्या कामासाठी त्यांच्या घरी जायचो आणि अक्का चहा द्यायच्या. पुढं पुढं चहात कधी साखर दुप्पट, कधी साखरच नाही, असं होऊ लागलं. एकदा त्यांनी कप बशीत ठेवण्याऐवजी बशीच्या शेजारी ठेवला आणि तो कलंडून माझ्या वृत्तांताच्या वहीवर गेला. साहेब म्हणाले, “आजकाल हिचं ध्यानच नसतं.” आणि शिबिराच्या पत्रकाचा मजकूर पुढं सांगू लागले. मी वही पुसली आणि लिहू लागलो. औषधाच्या दुकानात बसणारा मी माणूस, गोळीच्या रंगावरून रोग ओळखतो. तरी मला काही उमगलं नाही.

अक्कांनी त्यांना सांगितलं नव्हतं असं नाही. हे मला नंतर कळलं. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या होत्या, “डोळ्यापुढं सारखं धुकं आल्यावानी होतंय.” साहेब गावांची यादी करत होते. यादीतून डोकं वर न काढता ते म्हणाले होते, “शिबिराला ये. नाव नोंदव. नियम सगळ्यांना सारखा.” त्यानंतरच्या शिबिराच्या वेळी मुलीचं बाळंतपण निघालं, म्हणून अक्का तिकडं गेल्या. त्याच्या पुढच्या शिबिराला मात्र त्या आल्या.

त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी टेबलावर नावं लिहीत होतो. माझ्यापासून थोडं पुढं, आत जायच्या दाराशी साहेब खुर्ची टाकून बसलेले. आत डॉक्टरांकडं पाठवण्याआधी प्रत्येकाला तेच बघत. रांग फाटकापर्यंत गेली होती. दुपारी एक बाई डोक्यावरून पदर घेऊन टेबलाजवळ आली आणि नाव सांगितलं. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. मी लिहिता लिहिता मान वर केली तर अक्का! मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आमच्याकडं अक्कांनी बोट ठेवल्यावर बोलण्याची पद्धत नाही. मी नाव लिहिलं, चिठ्ठी दिली, आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या. चांगला तासभर उभ्या राहिल्या. मी तीन नावं चुकीची लिहिली.

“पुढचे!” साहेब ओरडले.

अक्का पुढं झाल्या. साहेब शिबिराच्या दिवशी माणसाचा चेहरा बघतच नसत, फक्त डोळे बघत. त्यांनी सवयीनं हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं केलं.

“दोन्ही पिकलेत,” ते म्हणाले. “उजवा तर पार झाकलाय. किती दिवस झाले, बाई?”

“दीड वरीस.”

“दीड वरीस! आन् दीड वरीस काय करत होता? घरात कुनाला दिसत न्हाय का हे? मालक काय करतेत तुमचे?”

“समाजसेवा करतेत,” अक्का म्हणाल्या.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग सगळी रांग हसली. साहेब हसले नाहीत. त्यांचा हात अक्कांच्या हनुवटीवर होता तसाच राहिला. आवाज ओळखला होता, पण त्यांना बहुतेक खात्री करून घ्यायचं धैर्य होत नव्हतं. मग त्यांनी पदर थोडा मागं सारला आणि चेहरा बघितला.

“अगं...” एवढंच ते म्हणाले. येरमाळ्याच्या यात्रेत भोंग्याशिवाय हजारोंच्या कानावर जाणारा तो आवाज, पण माझ्यापर्यंतसुद्धा जेमतेम पोचला. ते उठले, व्हरांडा उतरून पटांगणातल्या हातपंपाकडं गेले आणि स्वतःच पंप मारून तोंड धुवायला लागले. एका हातानं पंप मारायचा आणि दुसऱ्यानं पाणी घ्यायचं, हे काही जमत नव्हतं. गुरुजी पळत गेले आणि त्यांनी पंप मारला. बराच वेळ मारला. परत आल्यावर साहेब मला म्हणाले, “सचिव, यांना आधी आत सोडा.”

“काई गरज न्हाय,” अक्का तिथूनच म्हणाल्या. “माझ्या म्होरं अजून चार मान्सं हायती आत. नंबर मोडायचा न्हाय.”

डॉक्टरांनी तपासलं आणि साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की उजव्या डोळ्यात दाब वाढायला लागलाय. अजून दोन-तीन महिने गेले असते तर तो डोळा हाती लागला नसता. साहेबांनी मान हलवली. त्या दिवशी उरलेल्या रांगेतल्या प्रत्येकाचा त्यांनी आधी चेहरा बघितला, नाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि मग डोळे. शिबिर संपायला दिवस मावळला. कुणीही तक्रार केली नाही.

इतक्या वर्षांत साहेब ऑपरेशनच्या गाडीबरोबर कधी बार्शीला गेले नव्हते. गाडी सुटायच्या वेळी शिट्टी वाजवायची आणि हात हलवायचा, एवढंच. कारण विचारलं की म्हणत, “मुख्यालय सोडता येत न्हाय.” खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. या खेपेला मात्र सकाळी ते धुतलेला शर्ट घालून अक्कांच्या शेजारी येऊन बसले. शिट्टी वाजवायचं राहूनच गेलं. ड्रायव्हर दहा मिनिटं वाट बघत बसला, शेवटी मीच त्याला निघ म्हणालो.

दवाखान्यात अक्का अगदी शांत होत्या. शेजारच्या बायकांना धीर देत होत्या, एकीशी तर कानडीत गप्पा मारत होत्या. साहेब मात्र पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे झाले होते. आतून नर्सचा “इंजेक्शन झालं का?” असा आवाज आला आणि ते भिंतीला टेकून बाकावर बसले. दुर्दैवानं तो बाक रुग्णांचा होता. एक घाईतली नर्स ओळीनं सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध टाकत आली. साहेबांनी डोळे मिटून घेतलेलेच होते. तिनं ते बोटांनी उघडून दोन्हींत थेंब टाकले आणि पुढं गेली. साहेबांना वाटलं ऑपरेशनच सुरू झालं. ते कळवळून ओरडले, “मी बरोबर आलोय! मी बरोबर आलोय!” नर्स म्हणाली, “व्हय आजोबा, बरोबरच आलाय. गप बसा आता.” मी औषधं आणून परत येईपर्यंत त्यांना समोरचं काही वाचता येत नव्हतं आणि खिडकीचा उजेड सोसवत नव्हता.

दुपारी अक्कांना बाहेर आणलं, उजव्या डोळ्यावर पट्टी. साहेब उठले, त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “चल, म्या नेतो.” त्यांनी त्यांना नेलं ते थेट औषधांच्या कोठीत. तिथून मी बाहेर काढलं. अक्का म्हणाल्या, “कुठं नेताय हो? मला एका डोळ्यानं तुमच्यापेक्षा बरं दिसतंय.” वॉर्डातल्या सगळ्या पट्टीवाल्या बायका हसल्या. साहेबही हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. “त्या औषधानं पानी येतंय,” ते मला म्हणाले. मी मान डोलावली. त्या औषधानं तसं पाणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, अक्कांनी बरोबर सांगितली. मग त्यांनी खिडकीकडं पाहिलं, बाहेर वाळत घातलेल्या चादरी पाहिल्या, माझ्याकडं पाहून ‘सचिव, पोट सुटलंय’ म्हणाल्या, आणि शेवटी साहेबांकडं वळल्या. ते खाटेच्या पायथ्याशी दोन्ही हात पुढं बांधून, वरिष्ठ साहेबांच्या तपासणीला उभं राहावं तसे उभे होते. अक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. बघायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

“मिशी पांढरी झाली की तुमची,” त्या म्हणाल्या.

“कवाच झाली.”

“मला कसं न्हाय दिसलं?”

साहेब शर्टाचं बटण उगाच चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, “तू बी वाळलीस लई. मला तर डोळे चांगले हायती.”

“साकु,” अक्का म्हणाल्या. तो शब्द मी त्या घरात शेकडो वेळा ऐकला होता. इतक्या मायेनं म्हटलेला पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी झालं. साहेब त्याही वेळी गेले आणि या खेपेला रुग्णांच्या बाकापासून लांब, जिन्यात बसले. क्लब चालूच आहे. आता अध्यक्ष गुरुजी आहेत. साहेबांनीच ते ठरवलं, आणि निवडणूक याही वेळी झाली नाही. ते बैठकीला येतात, पण अध्येमध्ये घड्याळ बघून उठतात. “अक्काला औषध टाकायचंय,” म्हणतात. औषध टाकायचे दिवस कधीच संपलेत. बाटली माझ्याच दुकानातून जायची, त्यामुळे मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात यंदाच्या शिबिराचं पत्रक दाखवायला मी त्यांच्या घरी गेलो. फाटक उघडंच होतं. अंगणात कोवळ्या उन्हात अक्का मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. चष्मा नाही, काही नाही. एक एक खडा उचलून बाजूला टाकत होत्या. त्यांच्या समोर साहेब खुर्चीवर बसले होते. हातात कागद नव्हता, यादी नव्हती, तोंडानं काही सांगणं नव्हतं. अक्कांनी एक अगदी बारीक, डाळीच्याच रंगाचा खडा चिमटीत धरला आणि “हे बघा, हा बी दिसला,” म्हणून त्यांच्यापुढं केला. साहेब “व्हय व्हय” म्हणाले, पण त्यांनी त्या खड्याकडं पाहिलंच नाही. ते अक्कांकडंच बघत होते.

मी फाटक आवाज न करता लावून घेतलं. पत्रक दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.